हवामान खात्याची चादर

हवामान खात्यात माझी निम्मी जिंदगी गेली, आणि त्यातली बरीचशी शिव्या खाण्यात. तक्रार म्हणून सांगत नाही; कामच ते होतं. अंदाज वरून, राजधानीतून यायचा, आणि तो चुकला की लोकांचा फोन खाली, आमच्या जिल्हा केंद्रात, माझ्या टेबलावर यायचा. वादळाची सुट्टी जाहीर झाली आणि बाहेर लख्ख ऊन पडलं, तर "बाई, आमची पोरं घरी बसवून तुम्हाला काय मिळालं?" सुट्टी जाहीर झाली नाही आणि छपरं उडाली, तर "आमची पोरं मेली तरी चालतील, नाही का तुम्हाला?" दोघांनाही मी एकच म्हणायचे, "चुकलं आमचं." मग ते गार व्हायचे, आणि जरा थांबून विचारायचे, "बरं, उद्याचं काय?"

या लोकांमध्ये पहिला मान तुआन आजीचा. आजी नदीपलीकडच्या सियापू वस्तीत राहते. वस्ती बंधाऱ्याच्या कुशीत, नदीच्या पाण्याहून खाली. तिथं घरोघरी हाताने ओढलेल्या खाऱ्या शेवया करतात. बांबूच्या काठ्यांवर माणसाच्या दुप्पट लांबीच्या शेवया अंगणात वाळत असतात, आणि एक सर आली की दिवसाचं पीठ मातीमोल. त्यामुळे आजीचा फोन रोज, दुपारचं जेवण उरकलं की.

"काय गं पोरी, काल काय बरळलीस?" पोरी म्हणजे मी, पेंग यु-लान, दोन नातवंडांची आजी. "ढगाळ म्हणालीस. ढग कुठं होते? तुझ्या डोळ्यांत?"

"चुकलं, आजी."

"चुकलं म्हणून पीठ परत येतं का?" असं पाचेक मिनिटं चालायचं. मग आवाज खाली यायचा. "ते मरू दे. तू आज धुणं बाहेर घातलंस का?"

पहिल्यांदा तिनं हे विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की आजी, आमच्याकडे धुणं बाहेर नसतंच, कपडे वाळवायचं यंत्र आहे. "मग तुला पावसातलं काय कळणार, डोंबल!" असं म्हणून तिनं फोन आपटला, आणि आठवडाभर केला नाही. मला चुकल्यासारखं झालं. दुसऱ्या आठवड्यापासून मी गच्चीत दांडी बांधून धुणं बाहेर घालायला लागले.

माझा नवरा हान-मिंग फ्रीज आणि पंखे दुरुस्त करतो. ते यंत्र त्यानं मोठ्या हौसेने आणलं होतं.

"अगं, घरात यंत्र आहे आणि तू काठीवर कपडे घालतेस?"

"मला फोनवर खोटं बोलता येत नाही."

"मग खरं सांग."

"खरं सांगितलं की ती फोन आपटते."

पुढं त्या यंत्रात आम्ही लसूण ठेवायला लागलो, चांगला टिकतो.

धुण्यात एक चादर होती, लाल, तिच्यावर परातीएवढी मोठमोठी फुलं. माझ्या आईनं लग्नात दिलेली. आमच्याकडच्या जुन्या बायकांना असलंच कापड लागतं, लांबून दिसणारं. आमचं घर पुलाजवळ, तिसऱ्या मजल्यावर. सियापूच्या बंधाऱ्यावर उभं राहिलं की आमची गच्ची समोर दिसते. हे मला माहीत होतं. त्याचं पुढं काय होईल, ते मात्र माहीत नव्हतं.

मग खात्याचं आधुनिकीकरण आलं.

ते घेऊन तांग साहेब आले. वय चाळिशीच्या आत, परदेशातली पदवी, लग्न झालेलं नाही, केंद्राच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. रोज सगळ्यांना वाकून नमस्कार करायचे, शिपायालासुद्धा, आणि प्रत्येक बैठकीत म्हणायचे की हे सगळं भविष्यातल्या गरजांसाठी आहे. भविष्य हा शब्द हवामान खात्यात आम्ही जपून वापरतो. साहेब तो सढळ हाताने वापरायचे.

नव्या यंत्रणेला नाव दिलं होतं 'हजारकोस डोळा'. समुद्रदेवी माझूच्या देवळात दारापाशी दोन राक्षस उभे असतात. एकाला हजार कोसांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरून येणारं सगळं ऐकू येतं. त्यातल्या पाहणाऱ्याचं नाव घेतलं होतं. ऐकणारा निविदेत नव्हता.

यंत्र बसवलं त्या दिवशी साहेबांनी स्वतः दुकानात जाऊन खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी आणली आणि यंत्रावर ठेवली. आमच्याकडे कुठल्याही यंत्रावर ती ठेवतातच, म्हणजे ते शहाण्यासारखं वागतं. हिरवीच लागते. पिवळी किंवा लाल ठेवली तर यंत्र रुसतं, आणि मुदत संपलेली ठेवली तर काय होतं ते विचारू नका. साहेबांनी पुडीवरची तारीख दोनदा वाचली. तेव्हा मला ते पहिल्यांदा आपल्यातले वाटले.

आणि यंत्र खरंच हुशार होतं. आधीचा अंदाज म्हणजे नकाशावर एक रेघ, वादळ इथून जाईल, एवढंच. हे यंत्र वस्ती-वस्तीचं सांगायचं, तासातासाचं, टक्क्यांत. फोनही तेच उचलायचं. मधात बुडवलेला आवाज. "आपल्या परिसरात पावसाची संभाव्यता पस्तीस टक्के आहे. आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे." माझ्या टेबलावरचा फोन बंद झाला. मला 'संक्रमण सहायक' असं नाव देऊन पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर बसवलं. त्या टेबलावर फोन नव्हता, कागद नव्हते, आणि ते जरा डगमगायचं. महिन्याभरात तक्रारी शून्यावर आल्या. तक्रार घ्यायलाच कोणी नव्हतं. साहेबांनी त्याचा आलेख काढून राजधानीला पाठवला.

मला आजीची काळजी वाटायला लागली. रोज शिव्या देणारं माणूस एकदम गप्प झालं की करमत नाही. शेवटी ती मला बाजारात भेटली, मुळ्याच्या ढिगापाशी.

"आजी, फोन करत नाही हल्ली?"

"केला की. तुझा तो नवा बाप्या उचलतो."

"तो माणूस नाही, आजी. यंत्र आहे."

"ते कळलं मला. मी त्याला म्हटलं, मुडद्या, काल तुझ्यापायी दोन काठ्या भिजल्या. तर म्हणतो, आपला अभिप्राय मोलाचा आहे. मग विचारलं, धुणं बाहेर घातलंस का? तर म्हणतो, आपला प्रश्न समजला नाही." आजीनं मुळा परत ढिगावर टाकला. "त्याला धुणंच नाही गं. ज्याला ओल्या चादरीवर झोपावं लागत नाही, त्याचं मी का ऐकू?"

"पण आजी, ते माझ्यापेक्षा कमी चुकतं. खरंच."

"चुकू दे की नको चुकू दे. त्याचं काय जातं?"

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की वृद्धांसाठी आवाजाचा वेग थोडा कमी करता येईल.

उद्घाटनाची तारीख पंचांग बघून काढली होती. त्या दिवशी यंत्र बसवणं शुभ, दार उघडणं शुभ, फक्त प्रवास वर्ज्य. तारीख जवळ आली तसं समुद्रात एक वादळ तयार झालं, आणि हजारकोस डोळ्यानं सांगितलं की ते नेमकं त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या नदीच्या वरच्या खोऱ्यात कोसळेल. उद्घाटन पुढं ढकलावं असं यंत्राचंच म्हणणं निघत होतं. पण महिनाअखेरपर्यंत दुसरा शुभ दिवस नव्हता, आणि महिनाअखेरीला अनुदान परत जात होतं. तेव्हा दुपारी उरकून घेऊ, असं ठरलं.

त्या सकाळी आभाळ असं निळं होतं की कुणाला वादळ म्हटलं तर हसेल. वादळाच्या आधी असतंच तसं. पान हलत नाही आणि ऊन भाजून काढतं. सकाळीच आदेश निघाला होता: बंधारा ओसंडण्याची संभाव्यता ब्याऐंशी टक्के, सियापूनं दुपारपर्यंत घरं रिकामी करून गावातल्या शाळेत जावं. सगळ्यांच्या मोबाइलवर भोंगा वाजला. पोलिसांची गाडी ओरडत फिरली. हे सगळं मला माहीत होतं. पाऊस संध्याकाळी, ऊन कडक, जाड चादरही दोन तासांत वाळते, दुपारी येऊन आत घेऊ, असा हिशोब करून मी लाल चादर धुऊन दांडीवर टाकली आणि ऑफिसला गेले. अंदाजाचा याहून चांगला उपयोग कुणी केला नसेल.

समारंभ लांबला. राजधानीचे पाहुणे उशिरा आले, त्यांच्या आधी जिल्हाप्रमुख बोलले, त्यांच्या आधी त्यांची ओळख झाली. माझा कार्यक्रम शेवटी होता. माझ्या जुन्या फोनचा रिसीव्हर मखमली तबकात ठेवून मी तो साहेबांच्या हाती द्यायचा, म्हणजे जुनं युग संपलं. मी तबक मांडीवर घेऊन बसले होते, तेवढ्यात माझा मोबाइल थरथरला.

"बाई, तुमची चादर बाहेर आहे."

"कोण बोलतंय?"

"यान. सियापूचा सरपंच. तुमची लाल फुलांची चादर गच्चीवर आहे."

"असेल. सकाळी घातली."

"मग वादळ येतंय की नाही?"

"येतंय ना! ब्याऐंशी टक्के."

"टक्के राहू द्या हो. चादर बाहेर आहे."

मला आधी काही कळेना. मग त्यानं नीट सांगितलं. तुआन आजी रोज मला विचारायची आणि वस्तीत सांगायची. पुढं पुढं विचारायचीही गरज उरली नाही. बंधाऱ्यावर चढायचं आणि आमच्या गच्चीकडे बघायचं. कितीतरी वर्षं आख्खी वस्ती माझं धुणं बघून शेवया घालत होती. माझ्या नवऱ्याचे बनियन, माझे टॉवेल, सगळं. मला कानकोंडं झालं.

"अहो, पण चादर दोन तासांत वाळते. मी दुपारी आत घेणार होते."

"ते तुम्ही मला सांगताय. इथं आजीच्या सुनेनं फोटो काढून ग्रुपवर टाकलाय. खाली लिहिलंय, 'हवामानवाल्या बाईंची चादर बाहेर आहे. काळजी नसावी.' त्याखाली नुसते नमस्कार आणि फुलं."

"किती घरं निघाली?"

"दोन. त्यांच्यात भाडेकरू राहतात. नवीन आहेत."

सियापूची घरं मी पाहिलेली आहेत. आजीच्या अंगणात उभं राहिलं तर बंधारा डोक्याच्या वर दिसतो. पाणी आलं तर तिला जिना नाही, माळा नाही, आणि गुडघे तर दहा वर्षांपूर्वीच गेलेत.

मी हान-मिंगला फोन लावला. "अहो, आत्ताच्या आत्ता गच्चीतली चादर आत घ्या."

"वाळली असेल का?"

"वाळो न वाळो, घ्या आत!"

त्यानं घेतली. मला हायसं वाटलं. व्यासपीठावर जिल्हाप्रमुख भविष्याबद्दल बोलत होते. थोड्या वेळानं परत यान.

"बाई, तुमच्या मिस्टरांनी चादर आत घेतली."

"हो. मीच सांगितलं. आता निघा म्हणावं."

"नाही ना निघत. आजी म्हणते, तो फ्रीजवाला, त्याला पावसातलं काय कळतं? चादर वाळली म्हणून घेतली असेल आत. वाळल्यावर कुणीही घेतं. वर म्हणते, पंचांगात आज प्रवास वर्ज्य आहे."

"शाळेपर्यंत जाणं म्हणजे प्रवास?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाली, परत यायचं असतं ना."

मी उठले. तबकातला रिसीव्हर हातातच होता. दाराशी तांग साहेब आले, घाम पुसत.

"पेंगबाई, आता तुमचाच कार्यक्रम आहे."

"साहेब, मला घरी जाऊन चादर आत घ्यायची आहे."

"आता?"

"म्हणजे आत घेतलीय. ती परत बाहेर घालून आत घ्यायची आहे."

मी दोन वाक्यांत जमेल तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "पण यंत्रानं सगळ्यांना कळवलंय. संदेश पोचल्याची खूण आलीय, शंभर टक्के."

"पोचलाच आहे, साहेब. माणसं घरीच आहेत ना."

त्यांनी अडवलं नाही. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. फक्त माझ्या हातातल्या रिसीव्हरकडे बघितलं, पण मागायचं त्यांना सुचलं नाही. मी तो स्कूटरच्या डिकीत टाकला आणि सुटले. मागाहून कळलं की साहेबांच्या हाती रिकामं तबकच दिलं आणि टाळ्या झाल्या.

घरी चादर घडी करून कपाटात गेली होती. हान-मिंग नीटनेटका आहे.

"काढा ती. परत बाहेर घालायची आहे."

"अगं, आत्ता तर म्हणालीस..."

"परत आतच घ्यायची आहे हो!"

त्यानं विचारायचं सोडून दिलं. संसारात कधी कधी ते बरं असतं. मी चादर दांडीवर टाकली, चारही कोपरे ओढून नीट पसरली. नदीपलीकडे बंधाऱ्यावर माणसं उभी होती, ओळीनं, सगळी आमच्याकडे तोंड करून. वर ढगाचा ठिपका नाही. मी आभाळाकडे बघितलं, हात कपाळाशी नेला, आणि पहिला थेंब अंगावर पडला की बाई जशी धावते तशी धावत जाऊन ती चादर दोन्ही हातांनी ओढून काढली. मग टॉवेल. मग बनियन. मग नवऱ्याचे पायमोजे. शेवटी दांडीसुद्धा काढून आत घेतली. उभ्या जन्मात मी एवढी लाजले नव्हते, आणि लाजायला वेळही नव्हता.

मोबाइल वाजला. यानचा नंबर, आवाज आजीचा.

"चादर घेतलीस आत?"

"घेतली."

"ओली होती?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण आजीशी माझं जमलं होतं ते खरं बोलण्यावर. "नाही आजी. कोरडी होती. दोनदा घेतली आत. नाटकच केलं."

"ते दिसलं. पायमोजे कशाला घेतलेस गं? मग खरं काय?"

"खरं हे, की मला भीती वाटतेय. आज पाणी येणार आहे आणि तुम्ही खाली बसलाय. उद्या तुमचा फोन आला नाही तर मी काय करू? उठा ना, आजी. पाया पडते." आणि मला रडूच आलं, तिथं गच्चीत, हान-मिंगच्या देखत.

आजी म्हणाली, "मग आधी फोन करून सांगायचंस ना. ए सुनबाई, वाळल्या तेवढ्या शेवया बांध." आणि यानला म्हणाली, ते मला ऐकू आलं, "हिला घाबरलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. चला."

आजी बंधाऱ्यावरून निघाली, तशी तिच्यामागे सगळी निघाली.

संध्याकाळी पाणी आलं. यंत्रानं सांगितलेली वेळ अर्ध्या तासानंही चुकली नाही. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाई यंत्रावर जळते. बंधारा ओसंडला, आजीच्या घरात दाराच्या चौकटीपर्यंत चिखलपाणी, अंगणातल्या काठ्या पार समुद्राला गेल्या. माणूस एकही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात आजीनं वाचवलेल्या शेवया शिजवल्या, डुकराच्या पायाच्या रश्श्यात. संकटातून सुटलं की ते खायचंच असतं, अंगाला चिकटलेली पीडा जाते. मला दोन वाट्या खायला लावल्या. "तू जास्त भ्यायलीस," म्हणाली.

नंतर राजधानीत आकडे गेले. नदीकाठच्या बाकीच्या वस्त्यांतून निम्मीच माणसं निघाली होती. आमचं नशीब की तिथं पाणी उंबऱ्याशीच थांबलं. सियापू मात्र सगळी रिकामी. हे कसं झालं, अशी विचारणा आली. तांग साहेबांनी खरं ते लिहिलं. महिन्याभरानं तिघांची समिती आली. त्यांनी माझी चादर मोजली, फुलं मोजली, बंधाऱ्यावरून दुर्बिणीतून पाहिलं, आणि शिफारस केली की प्रत्येक जिल्हा केंद्राच्या छपरावर वाळवणीची प्रमाणित दांडी बसवावी. दांडीवर पांढरी सरकारी चादर. संभाव्यता साठ टक्क्यांच्या वर गेली की यंत्राचा हात ती आपोआप आत घेणार. पहिली दांडी आमच्याकडे बसली, बंधाऱ्यावरून दिसेल अशी. साहेबांनी तिच्या खांबाला हिरवी पुडी बांधली.

दांडी बघायला तुआन आजी स्वतः आली, सुनेच्या खांद्याला धरून जिने चढत. साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि बटण दाबून दाखवलं. चादर सुर्रकन आत गेली, सुर्रकन बाहेर आली.

"छान," आजी म्हणाली. "ही कुणाच्या पलंगावरची?"

"कुणाच्याच नाही, आजी. सरकारी आहे."

"भिजली तर?"

"दुसरी लागते. साठा आहे."

आजीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू कशावर झोपतोस रे, पोरा?"

साहेबांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आले, तर दांडीवरची सरकारी चादर गायब, आणि तिच्या जागी एक विटलेली निळी चादर, तिच्यावर उड्या मारणारे ससे. कॉलेजपासूनची असावी. यंत्राच्या हाताची तार काढून बाजूला ठेवली होती. साहेब म्हणाले, "पेंगबाई, तुमच्याकडे तो रिसीव्हर आहे ना अजून?" मी डिकीतून आणून दिला. त्यांनीच तो माझ्या डगमगत्या टेबलावर सकाळीच बसवलेल्या नव्या फोनला जोडला आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला.

मोसमातलं पुढचं वादळ आलं तेव्हा यंत्र म्हणालं, चाळीस टक्के. साहेब सकाळपासून छपरावर जाऊन येत होते. दुपारी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"चाळीसला काय करायचं?"

"यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र चाळीस म्हणतं."

"मग तुमची चादर आहे, साहेब."

"दुसरी नाही माझ्याकडे," ते म्हणाले, आणि वर गेले. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी ससे दोन्ही हातांनी ओढून काढले, छातीशी धरले आणि जरा वेळ तसेच बंधाऱ्याकडे बघत उभे राहिले. तासाभरात सियापू शाळेकडे निघाली.

वादळ समुद्रातच वळलं. पावसाचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी असं ऊन की शेवया वाळवायला वर्षात दोनदा मिळावं, आणि आदल्या दिवशी मळलेलं सगळं पीठ शाळेच्या पायरीवर पडून आंबलेलं. जेवण उरकल्यावर फोन वाजला. माझा हात पुढं जाण्याआधी साहेबांनी रिसीव्हर उचलला.

मला इथपर्यंत ऐकू येत होतं. पिठाचा हिशोब झाला, मिठाचा झाला, साहेबांच्या परदेशातल्या पदवीचा झाला, सशांचाही झाला. साहेब उभे राहून फोनला वाकून नमस्कार करत होते, पुन्हा पुन्हा. "चुकलं, आजी. माझं चुकलं." घाम गळत होता. मग पलीकडचा आवाज खाली आला. साहेबांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. हा भाग त्यांना नवा होता.

"विचारते आहे, उद्याचं काय," ते रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले. पडद्यावर टक्के होते. त्यांनी तिकडे बघितलं, मग खिडकीतून वर, रिकाम्या दांडीकडे.

"उद्या मी चादर धुणार आहे, आजी," त्यांनी सांगितलं.